मिटवायला जाण्याआधी गळ्याकडे बघा

पत्र: आमच्या बचत गटात सत्तावीस वर्षांची एक मुलगी आहे, पदरात दोन लेकरं. गेल्या महिन्यात बैठकीला आली तेव्हा दंडावर वळ होते. आधी 'पडले' म्हणाली, मग एकटी असताना रडत सांगितलं की नवरा मारतो. मी गावची सीआरपी, म्हणजे बचत गटांचं काम बघणारी कार्यकर्ती. तिला फारसं न विचारता मी आणि गटाच्या अध्यक्षांनी नवऱ्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला बोलावलं, चार लोकांत समज दिली. त्यानं माफी मागितली, स्टॅम्प पेपरवर लिहूनही दिलं. आठ दिवसांनी, म्हणजे परवाच, त्यानं तिचं नरडं धरलं. आता ती म्हणते, "ताई, कुणाला काही सांगू नका, तुमच्यामुळंच वाढलं." बाकीच्या बाया म्हणतात, तिच्या घरचं ती बघेल. गटातून तिच्या नावावर उचललेलं कर्ज त्यानंच उडवलं, हप्ते थकलेत. मी आता काय करू? तिच्याशी बोलू तरी कशी?
(सोलापूर जिल्ह्यातून)

ताई,

कर्ज, स्टॅम्प पेपर, बायांची कुजबुज हे सगळं नंतर. 'नरडं धरलं' हे तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात, पण पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

गळा आवळल्यावर बाहेर खूण उमटतेच असं नाही. आत सूज चढत जाते. मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेला इजा झाली असेल तर लकव्याचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. तेव्हा आजच तिला गाठून विचारा. आवाज बसलाय का? आवंढा गिळताना दुखतं का? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके दिसतात का? डोकं ठणकतं का? त्या वेळी डोळ्यांपुढं अंधारी आली, भान गेलं, कपड्यात लघवी झाली, असं काही झालं का? हे शेवटचं कुणी आपण होऊन सांगत नाही, लाजेपोटी गिळून टाकतात, आणि शुद्ध हरपल्याची ती पक्की खूण असू शकते. 'गळा दाबला का' असा सरळ प्रश्न टाकला तर 'दाबला नाही, नुसता धरला' असं उत्तर येतं. त्यापेक्षा 'गळ्याला हात, दोरी, पदर, काही लावलं का? श्वास कोंडला का?' असं विचारा. श्वास कोंडला असेल किंवा वरचं एकही लक्षण असेल, तर दोन-चार दिवस उलटून गेले असले तरी दवाखाना. ती गरोदर असेल तर लक्षणाची वाटही बघू नका.

दवाखाना म्हणजे गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन नव्हे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि तिला तिच्या तोंडानं सांगू द्या: "नवऱ्यानं गळा आवळला." केसपेपरवर ते तसंच लिहून आलं का, हे तिथंच वाचून घ्या. बाया 'पडले' सांगतात, कागदावर 'पडली' असं उमटतं आणि पुढं कोर्टात समोरचा वकील तोच कागद नाचवतो. 'आधी पोलिसात जाऊन या' म्हणून परत पाठवलं तर सांगा की कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे मदत मागणाऱ्या बाईला उपचार देणं रुग्णालयाचं कर्तव्य आहे. दुखापत अशी असेल तर डॉक्टर एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना खबर जाते. हे तिला आत जाण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर खाकी दिसली की ती उठून पळेल आणि पुन्हा तुमच्याजवळ तोंड उघडणार नाही. मार खाल्लेली बाई पोलिसांच्या कितीतरी आधी दवाखान्यात पोचते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली अशा बायांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते हेच ओळखून.

वळांचे फोटो काढा: एक चेहऱ्यासकट, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा, कारण वळ उशिरा काळानिळा पडतो. फोटो तिच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

आता त्या बैठकीचं. 'तुमच्यामुळंच वाढलं' या बोलण्याचा राग मानू नका, ते निम्मं खरं आहे. मारतो तो तोच, दोष त्याचाच. पण चार लोकांत बोलावल्यावर त्याला एकच गोष्ट कळली, की ही बाहेर बोलते. लोकांसमोर खाली गेलेली मान रात्री घरात वसूल होते. शिवाय त्याच्या पुढ्यात बसून ती खरं बोलूच शकत नाही. मग ऐकू येते ती त्याची बाजू: भाजी खारट होती, फोनवर कुणाशी बोलत होती, उलटून बोलली. पंच मंडळी दोघांनाही समज देतात, तू हात उचलू नको आणि तू तोंड चालवू नको. म्हणजे उलट बोलण्याला मार हा भाव चार लोकांनी मिळून ठरवून दिला. कोर्टाच्या आदेशाने जे समुपदेशन होतं, त्याच्या २००६ च्या नियमांत हीच गोम ओळखलेली आहे. समुपदेशकापुढं नवऱ्याला मारहाणीचं समर्थन मांडताच येत नाही आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्यालाच द्यावी लागते. गावची बैठक नेमकी उलटी चालते. आणि तो स्टॅम्प पेपर कपाटात राहू द्या, लिहिलेलं मोडलं म्हणून त्याला कुणी उचलून नेणार नाही. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समुपदेशन आणि समेट एक नव्हे, आणि तुमच्याकडून समेटाची घाई झाली.

बोलायची सुरुवात तिथूनच करा. "तुला न विचारता त्याला बोलावलं, ते माझं चुकलं. इथून पुढं तू हो म्हटल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही." एवढ्या दोन वाक्यांनी बरंच काम होतं, कारण तिच्या घरात तिला विचारून काहीच होत नाही. भेट तिच्या घरी नको आणि बैठकीनंतर सगळ्यांच्या डोळ्यांदेखतही नको. हप्त्याचा हिशोब हे चांगलं निमित्त आहे, त्यासाठी तिला तुमच्याकडं यावंच लागतं. बोलायला लागलेलं लेकरू कडेवर असेल तर त्याला कुणाकडं तरी खेळायला सोडा. मुलं घरी जाऊन जसंच्या तसं बोलून दाखवतात.

'का मारतो?' हे विचारू नका. त्या प्रश्नाला ती स्वतःचीच चूक शोधून देते. 'काय काय झालं, पहिल्यापासून सांग' म्हणा आणि गप्प बसा. ती थांबली तर तुम्हीही थांबा, सांत्वनानं ती जागा भरू नका. 'घरोघरी मातीच्या चुली', 'लेकरांकडं बघून दिवस काढ', 'मी असते तर एक दिवस राहिले नसते' यातलं काहीही तोंडातून निघता कामा नये. तिसरं वाक्य धीराचं वाटतं, पण तिला ते 'तूच नेभळट' असं ऐकू जातं. म्हणायचंच तर इतकंच म्हणा: "तू सांगतेस ते मला खरं वाटतं. मार खाण्यासारखं तू काही केलं नाहीस." मग तिलाच विचारा, "सगळ्यात आधी काय व्हावंसं वाटतं?" बहुतेक वेळा उत्तर 'त्याला सोडायचंय' असं नसतं. 'मारणं थांबावं', 'थोडे पैसे हातात राहावेत', 'लेकरांनी बघू नये' असं असतं. काम त्या उत्तरावरून ठरवा.

'कुणाला सांगणार नाही' असा सरसकट शब्द मात्र देऊ नका. जीवावर बेतलं किंवा लेकराला धोका दिसला तर मदत बोलवीन, आणि तेही तुला सांगून, असं आधीच स्पष्ट करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितल्याचं दिसलं. ही मुलगी त्या १४ मधली. एकदा तोंड पोळल्यावर ती तुमच्याशी अजून बोलते आहे, हे कमी नाही.

तिचं बोलून झालं की धोका मोजा. मारहाण हल्ली वाढली आहे का? जीवे मारीन, पेटवून देईन म्हणतो का? कोयता, कुऱ्हाड, चाकू उगारला का? पोटुशी असताना मारलं का? कुणाशी बोलली, कुठं गेली यावर सतत संशय घेतो का? 'तुला मारून मी पण मरीन' म्हणतो का? ती माहेरी निघून जायच्या विचारात आहे आणि हे त्याला कळलंय का? गळ्याचा प्रश्न तर झालाच, आणि त्याचा भार मोठा आहे. निघून जाण्याचा प्रश्न पाहून तुम्ही बुचकळ्यात पडाल. पण बाई हातातून सुटते असं वाटतं तेव्हाच असा माणूस सगळ्यात पुढचं टोक गाठतो, म्हणून 'जातेच मी आता' ही धमकी तिनं भांडणात कधी देऊ नये. शेवटी तिलाच विचारा, "तो तुला मारून टाकेल अशी भीती वाटते का?" ती हो म्हणाली तर तुमच्या अंदाजापेक्षा तिचा अंदाज खरा धरा.

तिला जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही. हो म्हणाली तर घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी हलवा, शेतातल्या कोठीत किंवा शेजारी. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची मोफत लाईन मराठीतूनही बोलते. फोन तुमच्या मोबाइलवरून तिला जोडून द्या.

ती आज घर सोडणार नाही असं धरूनच पुढची तयारी करा, बहुतेक जणी सोडत नाहीत. भांडण पेटू लागलं की चुलीपाशी आणि मोरीत थांबायचं नाही, चाकू-विळी तिथं असतात आणि दार एकच. बाहेरच्या दाराकडं सरकायचं. थोरलं लेकरू सहा-सात वर्षांचं असेल तर मध्ये पडायचं नाही, धाकट्याला घेऊन अमक्या काकूंकडं पळायचं, एवढंच त्याला शिकवा. त्या काकूंना मात्र कल्पना असू द्या. ११२ वर फोन तिनंच करावा असं नाही, शेजारीणही करू शकते. गाव, वस्ती, जवळची खूण आधी सांगायची, मग 'आत्ता मारहाण चालू आहे, हातात कोयता आहे, घरात लहान मुलं आहेत'. 'नवरा-बायकोचं भांडण चाललंय' असं सांगितलं की गाडी सावकाश येते.

तिचा मोबाइल नवरा बघतो असंच धरून चाला. गटाची भाषा इथं उपयोगी पडते. तुम्ही 'हप्ता भरला का?' असा मेसेज टाका. 'भरला' म्हणजे ठीक आहे, 'उद्या भरते' म्हणजे येऊन भेटा, 'पासबुक सापडत नाही' म्हणजे ११२ लावा. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून दुसऱ्या कुठल्या फोनला जोडलेलं आहे का ते बघा. आढळलं तर लगेच तोडू नका, तोडलं की त्याला कळतं. त्या फोनवर या विषयाचं काही बोलायचंच नाही. १८१ ही महिला हेल्पलाईन मोफत आहे, पण नंबर कॉल यादीत राहतो, म्हणून तोही फोन तुमच्याकडून.

एक पिशवी तुमच्याकडं किंवा तिच्या भरवशाच्या घरी राहू द्या. आधार, रेशनकार्ड, बँक आणि गटाचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची नोंद नसेल तर पत्रिका आणि लग्नातला फोटो, या सगळ्यांच्या झेरॉक्स. मूळ कागद एकदम गायब झाले तर त्याला संशय येतो. त्यात एसटीच्या भाड्यापुरते रोख, चालू गोळ्यांची एक पट्टी आणि लेकरांचा एकेक कपडा. घटनांची नोंद ठेवा: तारीख, वेळ, कशानं मारलं, कुठं लागलं, कुणी ऐकलं, काय उपचार झाले, आणि त्याचे शिवीसकट शब्द. पण गटाच्या इतिवृत्तात यातली एक ओळही नको. ते रजिस्टर बँकेचा माणूस बघतो, दहा घरांत फिरतं.

कायद्याचं नाव काढलं की ती म्हणेल, "त्याला जेलात टाकून लेकरांना काय घालू?" रास्त आहे. इथं दोन वेगळ्या वाटा आहेत हे तिला समजावून द्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात जेलात टाकण्यासाठी नाहीच. त्याखाली मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, असं मागता येतं. कैदेचा प्रश्न येतो तो आदेश मोडल्यावर. दुसरी वाट फौजदारी. जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. दोन्ही वाटा एकदम चालू शकतात, एकच धरली तरी चालते.

पहिल्या वाटेसाठी महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं जायचं. ते घटनेचा अहवाल विहित नमुन्यात भरतात, त्याला 'डीआयआर' म्हणतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत. शारीरिक, लैंगिक, शिवीगाळ-अपमान आणि आर्थिक असे चार भाग त्यात असतात. बाया पहिलाच भाग भरून थांबतात. लैंगिक जबरदस्तीचा भाग संकोचानं कोरा राहतो आणि आर्थिक भाग 'ते काय सांगायचं' म्हणून. तिच्या नावावरचं कर्ज त्यानं खर्चलं, ते या चौथ्या भागात तारीख आणि रकमेसह यायला हवं. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं जातो. ती माहेरी असेल तर तिथल्या कोर्टातही करता येतो. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात लांबतं. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडलंय का, हे वकिलाला विचारा. हा कागद राहून गेला की सहा महिने नुसत्या तारखा. वकिलाची फी नाही म्हणून अडू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० लावा. 'घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय हक्क' असं घरात ऐकवलं जाईल. २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सासरच्यांच्या मालकीचं घरसुद्धा राहण्याच्या हक्कापुरतं सामाईक घर ठरू शकतं.

पोलीस ठाण्यात जायचं तिनं ठरवलं तर गळ्याची गोष्ट पहिल्या वाक्यात यायला हवी. नाहीतर 'किरकोळ घरगुती वाद' म्हणून एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. हद्दीचा वाद घातला तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष बरा. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ साली हे काम सुरू केलं, पुढं ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. कक्ष पोलिसांच्या आवारात असतो, पण बसतात समाजकार्यकर्त्या. नवऱ्याला बोलवायची वेळ आलीच तर त्यांना बोलवू द्या. आधी तिच्याशी एकटीशी, मग त्याच्याशी वेगळं, आणि त्याच्यासमोर मोकळं बोलता येईल असं ती म्हणाली तरच एकत्र, हा क्रम धरला जातो का तेवढं बघा. लेखी अटींत 'दोघांनी गुण्यागोविंदानं नांदावे' असलं काही आलं तर तिला सही करू देऊ नका.

हप्त्याचं गटातच सोडवा. तिचे थकलेले हप्ते लांबवून द्या, आणि कारण 'आजारपण' एवढंच लिहा. पुढचं कर्ज किंवा बचतीची रक्कम नवऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा नियम सगळ्याच सभासदांना लावा, म्हणजे तिच्याकडं बोट जात नाही. 'तिच्या घरचं ती बघेल' म्हणणाऱ्या बायांशी वाद घालत बसू नका. त्यांतल्या दोघी-तिघी घरी जाऊन तेच सोसत असतात.

तुम्हीही सांभाळून राहा. त्याला एकटीनं जाब विचारायला जाऊ नका. ती रात्री निघून आलीच तर तुमच्या घरी ठेवू नका, तो पहिल्यांदा तुमच्याच दारात येईल. १८१ वर विचारून जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला न्या, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. आणि ती चार दिवसांनी परत नांदायला गेली तर 'आता मला सांगू नको' म्हणू नका. पिशवी तिथंच राहू द्या.

पुढच्या बैठकीला ती आली नाही तर पाचजणी मिळून तिच्या दारात जाऊ नका. आधी 'हप्ता भरला का?' टाका. तासाभरात उत्तर नाही आलं तर वसुलीचं रजिस्टर घेऊन फक्त अध्यक्षांना पाठवा, उंबऱ्यातूनच सही मागायला सांगा. आणि सही करताना तिचा आवाज कसा येतो, ते ऐकायला सांगा.